मंगळवारचा पाऊस

रावजी कंपौंडरला अख्खी वस्ती दोन गोष्टींसाठी ओळखत असे, खोकल्याच्या औषधासाठी आणि नरसाळ्यासाठी. औषधानं खोकला जायचा. नरसाळ्यानं पाऊस मात्र यायचा नाही, आणि लोकांचा राग होता तो त्यावरच.

सोलापुरातून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गिरणीच्या चाळी संपून काळी शेतं लागतात तिथं एका व्यापाऱ्यानं आईच्या नावानं बांधलेला धर्मार्थ दवाखाना होता. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस टांग्यातून येत, बाकीचा कारभार रावजीच्या हाती. दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत तारेचं कुंपण घातलेला एक चौकोन होता. त्यात लहानसा ओटा, ओट्यात बसवलेलं तांब्याचं नळकांडं, नळकांड्याच्या तोंडाशी पितळी कडेचं नरसाळं आणि आत एक काचेची बाटली. हा सरकारी पर्जन्यमापक. वरून पडेल ते नरसाळ्यातून बाटलीत उतरायचं, आणि रोज सकाळी आठच्या ठोक्याला रावजीनं ती बाटली काढून, रेघा आखलेल्या काचेच्या पेल्यात पाणी ओतून, किती पाऊस झाला ते वहीत लिहायचं. शंभर सेंटांचा एक इंच. दर मंगळवारी आठवड्याचे आकडे टपालानं पुण्याला जायचे.

हे काम रावजी अठरा वर्षं करत होता, आणि एकही सकाळ चुकलेली नव्हती. एकोणीसशे अठरा सालच्या तापाच्या साथीत दवाखान्याच्या ओसरीवर माणसं आडवी पडलेली असताना तो आठ वाजता मागं जाऊन बाटली बघून आला होता. लेकीच्या लग्नात भटजींनी सकाळी सातचा मुहूर्त काढला, तेव्हा त्यानं हात जोडून तो साडेनवाचा करून घेतला. वऱ्हाडी मंडळी उपाशीपोटी खोळंबली, व्याही रुसले, पण नरसाळ्याची आठची वेळ काही हलली नाही.

यंत्र बसवायला आलेल्या जुन्या साहेबानं त्याला एकच गोष्ट सांगितली होती. बाटलीत असेल ते लिहायचं, मनात असेल ते लिहायचं नाही. रावजीनं ती गाठ मारून ठेवली होती. वस्तीत बाकी सगळे पावसाबद्दल मनातलंच बोलत, आणि त्यामुळे रावजी स्वतःला थोडा शहाणा समजत असे. थोडा म्हणजे बराच.

औषधाला रांगेत बसलेली माणसं त्याला हमखास छेडत. "रावजी, आज पाऊस हाय का?"

"मला ठाऊक नाही."

"मग ते नरसाळं काय शोभेला बसवलंय व्हय?"

मग रावजी औषध ढवळता ढवळता समजावायला लागे. आज ऊन की ढग, ही झाली हवा. ती रोज बदलते. पण एखाद्या गावात बहुतेक वर्षी कधी, किती पाऊस होतो, उन्हाळा किती तापतो, हे पुष्कळ वर्षं मोजून कळतं, त्याला म्हणायचं हवामान. "आज सासूबाई हसल्या ही हवा. सासूबाई कशा आहेत हे कळायला मात्र त्यांच्या हाताखाली दहा-वीस वर्षं काढावी लागतात." बायका पदर तोंडाला लावून हसत आणि सासवा रावजीकडे रागानं बघत.

सोलापूरची गंमतही तो सांगे. पश्चिमेच्या समुद्रावरून ढग भरून निघतात, त्यांना सह्याद्री आडवा येतो. डोंगर चढताना ढग गार होतात आणि त्यांचं पाणी तिथंच कोकणात सांडतं. घाट उतरून इथपर्यंत येतं ते उरलंसुरलं. म्हणून आषाढ-श्रावणात आपल्या डोक्यावरून ढग नुसते वाऱ्याबरोबर पळत जातात. आपला खरा पाऊस उत्तरा आणि हस्त नक्षत्रातला. तेव्हा वारा फिरतो, पूर्वेच्या समुद्राकडून ढग येतात, आणि शाळवाच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, पेरणीपुरती ओल देऊन जातात. "आपली ज्वारी शहाणी आहे," तो म्हणे. "तिला हवामान कळतं. माणसंच श्रावणात आकाशाकडं बघून कपाळाला हात लावतात."

ही शाळा रांगेत बसून मन लावून ऐकणाऱ्यांत गौरम्मा असे. साठीची, लिंगायत, माहेर अक्कलकोटच्याही पलीकडचं, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मं कानडी. मुलगा गिरणीत, ती घरी कडक भाकऱ्या करून विकायची. चुलीच्या धुरानं तिला खोकला धरला होता तो चार वर्षं सुटला नव्हता. रावजी तिची बाटली भरून द्यायचा. दवाखान्याचा नियम असा की रोग्यानं बाटली आपली आणायची, औषध फुकट. कागदाची पट्टी कातरून मात्रेच्या खुणा करायच्या आणि ती बाटलीला चिकटवायची, वर नाव लिहायचं. गौरम्मेच्या बाटलीवर रावजीनं 'गौरम्मा' एवढं लिहून चिकटवलेलं होतं, आणि वाचता येत नसूनही ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत असे. त्या वर्षी आषाढात तिचा खोकला एकदाचा गेला.

त्याच वर्षीच्या श्रावणात मंगळवारचा पाऊस सुरू झाला.

पहिल्या मंगळवारी रावजीनं सवयीनं बाटली काढली आणि ती हाताला जड लागली. पेल्यात ओतलं तर बावीस सेंट. त्यानं आजूबाजूला बघितलं. जमीन कोरडी. पण श्रावणातला वारा आणि भेगाळलेली काळी जमीन, रात्रीची एखादी सर पिऊन टाकायला कितीसा वेळ लागणार. घरी जाऊन त्यानं बायकोला विचारलं, "रात्री पाऊस आला होता का गं?"

"तुमी घोरत हुता," अंबुबाई म्हणाली. "त्यात ढग गडगडला आसंल तर मला कळायचं कसं?"

रावजीला शंका आली, नाही असं नाही. पण बाटलीत असेल ते लिहायचं. त्यानं बावीस लिहिले, आणि खरं सांगायचं तर मनातून त्याला बरंही वाटलं. अठरा श्रावण तो बहुतेक शून्यच लिहीत आला होता. दुसऱ्या मंगळवारी सत्तावीस सेंट निघाले. तिसऱ्या मंगळवारी पंचवीस. तिसऱ्या वेळी त्यानं रांगेतल्या लोकांना अभिमानानं सांगितलंसुद्धा, आणि लोकांनी एकमेकांकडे बघितलं. धुळा मेंढपाळ त्या रात्री मेंढरांसकट उघड्या माळावर झोपला होता. तो म्हणाला, "माजं घोंगडं तर वाळल्यालं हाय."

"तुझ्या घोंगड्याला रेघा आखलेल्या नाहीत," रावजी म्हणाला.

शुक्रवारी पुण्याहून पत्र आलं. इंग्रजीत होतं, डॉक्टरांनी वाचून दाखवलं. लागोपाठ तीन मंगळवारी आपल्या केंद्रानं पाऊस कळवला आहे. त्या दिवशी बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, कुठंही थेंब नाही. आकडे यंत्र न पाहता घरी बसून लिहिले जातात की काय असा संशय येतो. येत्या मंगळवारी अधिकारी तपासणीला येतील. समाधान झालं नाही तर या केंद्राच्या आजवरच्या सर्व नोंदी अविश्वसनीय ठरवून बाद करण्यात येतील.

"आजवरच्या म्हणजे?" रावजीनं विचारलं.

"म्हणजे सगळ्या," डॉक्टर म्हणाले. "अठराही वर्षं."

रावजी त्या दिवशी तीन जणांना एकाच्याऐवजी दुसऱ्याची बाटली देता देता राहिला. नोकरी जाण्याची भीती त्याला नव्हती. नरसाळ्याचा भत्ता होता तो पानसुपारीपुरता. पण अठरा वर्षांच्या वह्या म्हणजे सोलापूरचं हवामान होतं, आणि ते त्यानं एकेक सकाळ करून मिळवलं होतं. ते खोटं म्हणून फेकून देणार. आणि त्याला खोटारडा म्हणणार. हे दुसरं त्याच्या जास्त जिव्हारी लागलं.

रविवारी तो सगळ्या वह्या घेऊन ओसरीवर बसला. अठरा श्रावणांतला पाऊस त्यानं वारांप्रमाणे वेगळा काढला. सोमवारचा किती, मंगळवारचा किती, असे सात ढीग. अंबुबाईनं दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा तिनं ताटच आणून वहीवर ठेवलं. उन्हं कलली तेव्हा बेरजा झाल्या. साती वार जवळजवळ सारखे. कुठला वार थोडा पुढं, कुठला थोडा मागं, इतकंच.

"पावसाला वार कळत नाही," रावजी म्हणाला.

"हे कळायला दिवस घातला?" अंबुबाई म्हणाली.

"अगं, अठरा वर्षं त्याला वार कळला नाही आणि यंदा बरोबर मंगळवार बघून पडतो. वार माणूस बघतो. कुणीतरी पाणी घालतंय." आणि मंगळवारी सकाळी आठला निघणारं पाणी सोमवारी आठनंतर पडलेलं असणार, हे ओघानंच आलं.

सोमवारी बाटली बघून झाल्यावर तो दवाखान्याच्या मागच्या खिडकीशी, बाटल्या धुवायच्या जागी उभा राहिला. पुढं रांग खोळंबली होती. नऊच्या सुमाराला शेताच्या बांधावरून गौरम्मा आली. न्हालेली, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात पितळी तांब्या. पलीकडच्या शेतात सिद्धरामेश्वराच्या अडुसष्ट लिंगांपैकी एक आहे, श्रावणी सोमवारी ती तिथं पाणी घालायला जात असे. तिनं कुंपणाच्या फाटकाची तार काढली, ओट्यापाशी वाकली, तांब्यात उरलेलं पाणी बारीक धारेनं नरसाळ्यात ओतलं, आणि पितळी कड पदरानं पुसून चकचकीत केली.

रावजी रागानं लालबुंद झाला. त्या कडेला अठरा वर्षांत त्याच्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. ओरडायचं म्हणूनच तो धावत बाहेर गेला. पण गौरम्मा त्याला बघून इतकी लाजली की तो फाटकातच थबकला.

"बघितलास काय तम्मा," ती म्हणाली. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. "तू बघू नये म्हणून मी तू कामात असताना येते की."

"अक्का, हे पाणी कशासाठी घातलंस?"

"कशासाठी म्हणजे? तू माझी बाटली चार वरीस भरलास. माझी भरलास, माझ्या सुनेची भरलास, त्या धुळ्याची भरतोस. कोण रिकामी बाटली आणलं तर तू रिकामी परत लावत नाहीस." तिनं नरसाळ्याकडे बोट केलं. "आन् तुझी एकच बाटली. रोज सकाळी मी भाकरीची पाटी घेऊन जाते तवा बघते. तू उघडतोस, बघतोस, रिकामी असतंय, तोंड बारीक करून आत जातोस. माझा खोकला गेला तवा मी म्हटलं, आता सोमवारचं देवाचं उरलेलं तुझ्या बाटलीत घालायचं. रोज घालाया मला जमत न्हाय. चारच सोमवार झालं."

रावजीच्या रागाला धरायला जागाच उरली नव्हती. "उद्या पुण्याचे साहेब येणार आहेत," तो कसंबसं म्हणाला, "बाटली बघायला."

"रिकामी असली तर तुला काढतंय काय?"

"बघू काय होतं ते," असं म्हणून तो आत गेला. तिला नीट समजावून सांगायला हवं होतं, पण ते त्याच्यानं झालं नाही. बाटलीतलं ते पाणीही त्यानं ओतून टाकलं नाही. आठच्या आधी बाटलीला हात लावायचा नसतो.

संध्याकाळी अंबुबाईनं सगळं ऐकून घेतलं. "मग नाव सांगून टाका की उद्या. सुटला तुमी."

"फाटकावर पाटी आहे. सरकारी यंत्रास हात लावील त्यास शिक्षा होईल. तिला वाचता येत नाही, पण पाटी आहे. तिला चौकीवर नेलं तर?"

अंबुबाईनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. "न्हाई सांगायचं नाव," ती म्हणाली. "पर त्या अठरा वर्सांत माजा संसारबी आला म्हना. एक रात्र तुमी माज्या माहेरी ऱ्हायला न्हाय, ह्या नरसाळ्यापायी. ते समदं खोटं व्हनार, तेवढं ध्यानात आसूंद्या." रावजीच्या ध्यानात होतं, म्हणून तर ताटातली भाकरी तशीच होती.

मंगळवारी पावणेआठला करमरकर साहेब टांग्यातून उतरले. किडकिडीत, चष्मेवाले, आणि निरभ्र आकाशाखाली काखेत छत्री. रांगेतल्या एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. साहेब कोणाशी न बोलता मागं गेले, आठ वाजल्यावर स्वतःच्या हातानं बाटली काढली, पेल्यात ओतली, आणि पेला डोळ्यांसमोर धरला.

"सव्वीस सेंट," ते म्हणाले. मग बुटाच्या टाचेनं जमीन उकरून बघितली. धूळ उडाली. "हा कुठला पाऊस?"

"हा पाऊस नाही साहेब," रावजी म्हणाला. "पाणी घातलेलं आहे. मागचे तीन मंगळवारही तसेच. चूक माझी. फाटकाला कुलूप नव्हतं, आणि जमीन कोरडी दिसत असून मी लिहिलं."

"कोणी घातलं?"

"ते मी सांगणार नाही."

करमरकरांनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. रावजीनं वारांच्या बेरजांचा कागद पुढं केला. साहेबांनी तो उभ्याउभ्या दोनदा तपासला, एका ठिकाणी हातच्याची चूक काढून दुरुस्तही केली. "काम चांगलं केलंत," ते म्हणाले. "पण यानं एवढंच कळतं की मंगळवारचं पाणी यंदा सुरू झालं. आधी दुसरं कोणी, दुसऱ्या वारी, अधूनमधून घालत नसेल कशावरून? ज्यानं घातलं तो माणूस समोर आल्याशिवाय मी हे कसं मानू? नाव देणार नसाल तर मला नोंदी बाद कराव्या लागतील. मलाही वर उत्तर द्यायचं आहे." आणि त्यांनी खिशातून लेखणी काढली.

रावजीनं बेरजांचा कागद घडी करून खिशात ठेवला. अठरा वर्षांच्या वह्या ओट्यावर रचून ठेवलेल्या होत्या, त्यांच्याकडे त्यानं एकदा बघितलं आणि नजर वळवली.

तेवढ्यात बांधावरून गौरम्मा येताना दिसली. आज हातात तांब्या नव्हता, डोक्यावर घागर होती. धापा टाकत ती फाटकातून सरळ आत शिरली, घागर ओट्याशी उतरवली, आणि साहेबांना नमस्कार करून म्हणाली, "साहेब, थांब थोडं. कालचं उरलेलं कमीच होतं. आज पूर्ण भरते. माझ्या तम्माला काढू नकोस."

रावजीनं डोळे मिटून घेतले. करमरकरांची लेखणी हातातच राहिली.

"तुम्ही घालता होय पाणी?" त्यांनी विचारलं.

"मीच की. दुसरा कोण घालणार? ह्यानं सगळ्यांची बाटली भरतंय. ह्याची कोण भरतंय?"

साहेबांनी लेखणी खिशात ठेवली. त्यांनी छत्री कुंपणाला अडकवली, दवाखान्यातून एक तांब्या मागवला, तो घागरीतून भरला आणि गौरम्मेच्या हातात दिला. "बाई, सोमवारी देवावर घालून जेवढं उरतं तेवढं ठेवा, बाकीचं सांडा. अगदी रोजच्यासारखं." गौरम्मेनं बाजूच्या लिंबाच्या मुळाशी धार धरली, आणि मनात काही म्हणत एका जागी ती थांबवली. उरलेलं साहेबांनी पेल्यात ओतलं. पंचवीस सेंट. त्यांनी तिच्याकडून आणखी दोनदा तसंच करून घेतलं. चोवीस. पुन्हा सव्वीस.

"तुमचा हात यंत्रासारखा आहे बाई," ते म्हणाले. "किती वेळा घातलं आजवर?"

"चार सोमवार. खोकला गेल्यापासनं. आधी कशाला घालीन? आधी माझा खोकलाच होता."

करमरकरांनी वही उघडली. बावीस, सत्तावीस, पंचवीस, तिन्ही आकड्यांवर लाल रेघ मारली, आणि आजच्या रकान्यात शून्य लिहिलं. शेऱ्याच्या जागी काय लिहावं याचा थोडा वेळ विचार केला. मग लिहिलं, 'पाऊस नव्हे', आणि सही केली. "मागच्या नोंदी कायम राहतील," ते रावजीला म्हणाले. "फाटकाला कुलूप लावून घ्या. पाटीवरची शिक्षा मी वाचलेली नाही, माझा चष्मा जुना आहे."

रावजीनं साहेबांना हात जोडले. तो आत गेला आणि धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुवायला लागला. त्याला रडू येत होतं आणि ते रांगेतल्यांना दिसू द्यायचं नव्हतं. अंबुबाई कधी येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही. तिनं त्याच्या हातातली बाटली काढून घेतली आणि म्हणाली, "झालं आता. साहेबाला च्या करते."

टांगा गेल्यावर गौरम्मा तिथंच बसून होती. रावजीनं तिला समोर बसवून एकदाचं सगळं सांगितलं. ती बाटली भरायची नसते. रिकामी असली तरी ती खबरच असते, तीही लिहून पाठवायची असते. वीस-तीस वर्षांची शून्यं आणि आकडे एकत्र केले म्हणजे कळतं सोलापूर कसं आहे ते.

"म्हणजे रिकामीचं पण लिहितोस?"

"लिहितो की. शून्य."

"आन् शून्याला सरकार पैसा देतंय?"

"बहुतेक पैसा शून्याचाच आहे अक्का. सोलापूर आहे हे."

गौरम्मा हसली, पण समाधान झालं नव्हतं. घागर अजून निम्मी भरलेली होती. "ती सरकारची बाटली झाली," ती म्हणाली. "तुझी कुठं आहे मग?"

रावजी उठला. फळीवरची एक बाटली त्यानं उतरवली, कागदाची पट्टी कापली, 'रावजी' असं लिहून चिकटवली, आणि ती मागच्या खिडकीत ठेवली. गौरम्मेनं ती काठोकाठ भरली. त्यानं तिच्यासमोर निम्मी पिऊन टाकली. ती पट्टीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवून घरी गेली.

तेव्हापासून श्रावणी सोमवारी गौरम्मेचं उरलेलं पाणी खिडकीतल्या बाटलीत पडायला लागलं. नवाच्या सुमाराला ती येई, बाटली भरे आणि न बोलता जाई. रावजी पाणी पिण्याआधी पेल्यात ओतून मोजत असे. खोड जाते थोडीच. त्यासाठी त्यानं सरकारी नव्हे, आपल्या घरच्या वहीचं शेवटचं पान आखलं होतं, तीस श्रावणांचं. तेवीस, पंचवीस, सव्वीस, पंचवीस. अंबुबाईनं ते पान एकदा बघितलं आणि म्हणाली, "मला यवढी वर्सं पानी देतीया, ते कुटं लिवलंय?" रावजीनं वही मिटली.

पानावर सात श्रावण भरले. आठव्या श्रावणात पहिल्या सोमवारी नऊ वाजून गेले, दहा वाजले, बांधावर कोणी दिसलं नाही. गौरम्मा वैशाखातच गेली होती, झोपेत, कोणाला त्रास न देता. हे रावजीला माहीत होतं, तो मातीला गेलेला होता. तरी तो दुपारपर्यंत खिडकीशी जाऊन येत राहिला. मग त्यानं कोरडी बाटली पेल्यात पालथी केली, आणि गौरम्मेला त्यानंच शिकवलं होतं म्हणून वहीत लिहिलं, शून्य. अठरा अधिक आठ वर्षांत इतकं जड शून्य त्यानं लिहिलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी तो नरसाळं बघून, रांगेतल्या बाटल्या भरून मागं आला, तर खिडकीतल्या बाटलीत पाणी होतं. त्यानं बांधाकडे बघितलं. कोणी नव्हतं. दाराशी अंबुबाई मेथी निवडत बसली होती, शेजारी ओला तांब्या पालथा घातलेला. रावजीनं पेल्यात ओतून बघितलं. एकतीस सेंट.

तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं मान वर केली नाही.

"बघता काय," ती म्हणाली. "लिवा की."